एजंट नेमका कोणाचा?

कोथरूडमधला जुना टू बीएचके विकायचा आहे असं समजा. मालक एजंटला विचारतात, "किती येतील?" त्याच आठवड्यात पिंपळे सौदागरला भाड्याने राहणारं एक जोडपं त्याच एजंटला विचारतं, "कितीपर्यंत बसेल?" उत्तर देणारा माणूस एकच. मालकांना तो सांगतो, "पार्टी तयार आहे, थोडं खाली या." जोडप्याला सांगतो, "मालकांकडे आणखी दोन पार्ट्या आहेत, थोडं वर या." व्यवहार ठरला की दोन्ही बाजूंनी ब्रोकरेज. मुंबई-पुण्यात साधारण एक ते दोन टक्के, तेही प्रत्येक बाजूकडून. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणाला खटकतही नाही.

एजंटांविषयीच्या तक्रारी मात्र दोन्हीकडून ऐकू येतात, आणि त्या वरवर वेगवेगळ्या वाटतात. विकणारा म्हणतो, आधी भाव चढवून सांगितला आणि मग महिनाभर खाली ओढत राहिला. घेणारा म्हणतो, सांगितलं एक, निघालं दुसरं. कुणी म्हणतं टोकन घेईपर्यंत दिवसातून चार फोन येत होते, नंतर फोन उचलायलाही वेळ नव्हता. या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: हा माणूस माझ्या बाजूने उभा आहे का? घर दाखवणारे पुष्कळ भेटतात. पोर्टलवर फोटो असतात, पत्ता असतो, कधी मालकाचा नंबरही असतो. लोक ब्रोकरेज देतात ते खरी माहिती मिळावी आणि व्यवहार तडीला जावा म्हणून. या प्रकरणात आपण मुख्यतः जुन्या, म्हणजे रीसेलच्या घरांविषयी बोलणार आहोत, कारण तिथे ग्राहकाला कायद्याचं संरक्षण कमी आहे आणि एजंटवर भिस्त जास्त.

आधी विकणाऱ्याकडून बघू. त्याला जास्तीत जास्त भाव हवा असतो हे उघड आहे. पण त्याहून जास्त त्याला खरा भाव कळायला हवा असतो. एजंटचं गणित इथे वेगळं पडतं. घर एक कोटीला जाणार असेल आणि ब्रोकरेज दोन टक्के असेल, तर एका बाजूचे २ लाख रुपये एजंटला मिळतात. मालकाने आणखी दोन महिने थांबून ४ लाख जास्त मिळवले, तर मालकाच्या हाती ४ लाख येतात आणि त्या बाजूने एजंटच्या हाती फक्त ८ हजार. त्या ८ हजारांसाठी त्याला आणखी दहा पार्ट्यांना घर दाखवावं लागेल, आणि आजची तयार पार्टी हातची गेली तर २ लाखही जातील. म्हणून "आता देऊन टाका, बाजार पडतोय" हा सल्ला तो मनापासूनही देत असेल, पण त्याच्या सोयीचाही असतो.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या दोन अर्थतज्ज्ञांनी शिकागो परिसरातल्या जवळपास एक लाख घरविक्रींचा अभ्यास केला आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एजंटांनी ग्राहकांची घरं कशी विकली आणि स्वतःची घरं कशी विकली, याची तुलना त्यात आहे. घराचा आकार, वस्ती, वय अशा गोष्टी हिशेबात धरूनही एजंटांची स्वतःची घरं सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला गेली आणि बाजारात साडेनऊ दिवस जास्त राहिली. स्वतःचं घर विकताना ते थांबले. दुसऱ्याचं विकताना त्यांना घाई होती. शिकागोचा बाजार आपल्यासारखा नाही, तिथे नोंदणीची शिस्त कडक आहे. तरीही टक्केवारीवर काम करणाऱ्या माणसाचा कल कुठे जातो, हे त्या आकड्यांतून स्पष्ट दिसतं.

महाराष्ट्रातल्या मालकाच्या हाती यावर एक उत्तम साधन आहे, आणि फार थोडे लोक ते वापरतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च नावाची विनामूल्य सोय आहे. गाव किंवा विभाग, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की नोंदवलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो ती, बघायला मिळते. तिच्यात मोबदल्याची रक्कम असते, बाजारमूल्य असतं, क्षेत्रफळ असतं, तारीख असते. आपल्याच सोसायटीत किंवा शेजारच्या इमारतीत गेल्या वर्षभरात काय भावाने घरं गेली, ते त्यावरून कळतं. तुलना करताना क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप ते बघावं लागतं. शिवाय जिथे काही रक्कम रोखीत फिरते तिथे नोंदलेली किंमत खरी किंमत नसते, हेही ध्यानात ठेवावं. (घरव्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेण्यावर २०१५ पासून बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. "थोडं रोखीत करू" म्हणणारा एजंट विकणाऱ्यालाच संकटात टाकत असतो.) माझ्या मते चांगल्या एजंटची पहिली खूण हीच की भाव सांगताना तो अशा चार-पाच इंडेक्स टू समोर ठेवतो. "या एरियात रेट बारा चालू आहे" एवढ्यावर ज्याचं काम भागतं, त्याला भाव माहीत नाही किंवा सांगायचा नाही.

विकणाऱ्याला आणखी एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे घराची इज्जत. एकाच फ्लॅटची जाहिरात पाच एजंटांनी पाच वेगवेगळ्या किमतींना टाकलेली पोर्टलवर हमखास दिसते. मालकाने एकाला सांगितलेलं असतं. त्याने ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रोकर ग्रुपवर टाकलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं, घर पडून आहे, मालक अडचणीत आहे. मग रविवारी दुपारी न सांगता तीन माणसं दारात उभी राहतात, त्यांतली दोन नुसती फिरायला आलेली. घरात आजारी माणूस असेल, दहावीचं पोर असेल, तर हा त्रास मोठा असतो. कोण येणार, त्याचं बजेट किती, कर्ज मंजूर आहे का, हे विचारून मगच घर दाखवणं आणि बघून गेलेल्यांना काय वाटलं ते त्याच संध्याकाळी मालकाला सांगणं, एवढं केलं तरी मालक त्या एजंटचं नाव पुढच्या दहा जणांना सांगतो.

आता घेणारा. त्याची गरज मोठी आणि नाजूक असते, कारण बहुतेक माणसं आयुष्यात एकदा-दोनदाच घर घेतात, आणि समोरचा आठवड्याला एक विकत असतो.

त्याला पहिल्यांदा हवा असतो एकूण खर्चाचा खरा आकडा. एजंट सांगतो "ऐंशी." पुणे महापालिकेच्या हद्दीत सध्याच्या दराने ८० लाखांवर सात टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. दोन टक्के ब्रोकरेज १ लाख ६० हजार, आणि एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के म्हणजे २८ हजार ८००. म्हणजे पावणेआठ लाखांहून जास्त रक्कम लागते, आणि तिच्यात सोसायटीचं हस्तांतरण शुल्क, बँकेची प्रोसेसिंग फी, रंगकाम काहीच धरलेलं नाही. या रकमेला साधारणपणे बँक कर्ज देत नाही. ती स्वतःच्या बचतीतून उभी करायची असते. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे इथे ८० हजार वाचतात. पहिल्याच भेटीत हे कागदावर मांडून देणारा एजंट त्या कुटुंबाचे दोन महिने वाचवतो.

दुसरं, घराविषयीचं सत्य. पाणी नळाचं की टँकरचं, आणि उन्हाळ्यात टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये किती वाढतात. भोगवटा प्रमाणपत्र आहे का. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, की मानीव अभिहस्तांतरण अजून बाकी आहे. पुनर्विकासाची चर्चा असलेल्या इमारतीत याच्यावर सगळं अवलंबून असतं. मालकाची सोसायटीत थकबाकी किती. क्षेत्रफळ कार्पेट किती, कारण जुन्या करारात बिल्टअप लिहिलेलं असतं आणि तोंडी सुपर बिल्टअप सांगितलं जातं. पार्किंगचं तर विशेष विचारावं. स्टिल्टमधलं पार्किंग हे सामाईक क्षेत्र आहे, बिल्डरला ते सदनिकेसारखं स्वतंत्र विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सांगितलं. जुन्या सोसायट्यांत पार्किंगचं वाटप सोसायटी करते. त्यामुळे "पार्किंगसकट" हा शब्द ऐकला की सोसायटीचं वाटपपत्र मागायचं.

आणि मालकी. वडिलांच्या नावावरचं घर, वडील गेले, शेअर सर्टिफिकेटवर आता आईचं नाव आलं, कारण ती नॉमिनी होती. एजंट सांगतो, "सगळं क्लिअर आहे." पण नॉमिनी झाल्याने कुणी मालक होत नाही. मृत्युपत्र नसेल तर मुलगे, मुली, पत्नी सगळ्यांचा वाटा असतो, आणि बहिणींचं नोंदवलेलं हक्कसोडपत्र नसेल तर आज गोड असलेलं नातं उद्या कोर्टात जाऊ शकतं. हे तपासण्याचं अंतिम काम वकिलाचं. तो तीस वर्षांचा सर्च घेतो. पण आधीच्या करारांची साखळी पूर्ण आहे की मधलाच एक करार हरवला आहे, हे टोकन घेण्यापूर्वी विचारण्याचं काम एजंटचं आहे. टोकन घेऊन मग अडचण सांगणं ही फसवणूकच.

टोकन हा या व्यवहारातला सगळ्यांत नाजूक भाग. ५१ हजार किंवा लाखभर रुपये घाईने दिले जातात, पावतीवर दोन ओळी असतात, कधी पावतीच नसते. मग बँक कर्ज नाकारते किंवा कागद अपुरे निघतात, आणि एजंट म्हणतो, "टोकन गेलं." असं काही आपोआप जात नाही. काय ठरलं होतं यावर ते अवलंबून असतं, आणि काही लिहिलेलंच नसेल तर भांडण उरतं. टोकन थेट मालकाच्या बँक खात्यात जावं, एजंटच्या नाही. पावतीवर एकूण किंमत, करारनामा नोंदवण्याची मुदत, आणि कर्ज न मिळाल्यास किंवा मालकी हक्कात दोष निघाल्यास रक्कम परत मिळेल हे वाक्य असावं. या चार ओळी एजंटनेच आग्रहाने लिहून घ्यायला हव्यात, कारण त्या दोन्ही बाजूंचं रक्षण करतात.

व्यवहार ठरल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत एजंटची खरी परीक्षा होते. समजा, मालकाचं कर्ज अजून चालू आहे. मूळ कागद त्याच्या बँकेत गहाण आहेत. घेणाराही दुसऱ्या बँकेतून कर्ज काढतोय. नव्या बँकेला मूळ कागद हवेत, जुन्या बँकेला आधी पैसे हवेत. मग जुन्या बँकेकडून उर्वरित रकमेचं फोरक्लोजर लेटर आणि तिच्या ताब्यातल्या कागदांची यादी काढायची, नव्या बँकेकडून त्या रकमेचा धनादेश थेट जुन्या बँकेच्या नावे घ्यायचा, कागद एका बँकेतून दुसरीकडे नीट पोचवायचे, आणि उरलेली रक्कम मालकाला मिळाल्याच्या दिवशी चावी द्यायची. मधल्या काळात फोरक्लोजर लेटरची मुदत संपते, व्याज वाढून आकडा बदलतो, सोसायटीचा सचिव गावाला जातो. घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने एक टक्का कर कापून सरकारजमा करायचा असतो, हेही याच दिवसांत. सोसायटी "एनओसी"साठी भरमसाट रक्कम मागते. हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे हे एजंटला ठाऊक असावं आणि त्याने ते समितीला नम्रपणे सांगावं. हे सारं जो तारखा लावून पार पाडतो, त्याने आपले दोन टक्के पुरते कमावलेले असतात. माझं ठाम मत आहे की अशा एजंटशी ब्रोकरेजवरून घासाघीस करू नये.

परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांच्या घरांबाबत तर असं ज्ञान अत्यावश्यकच. डोंबिवलीचा किंवा औंधचा फ्लॅट विकणारा मालक न्यू जर्सीत आहे, भाऊ इथे सही करणार आहे. मालक अनिवासी असेल तर घेणाऱ्याने कापायचा कर एक टक्का नसतो. दोन वर्षांहून जास्त काळ बाळगलेल्या घरावर तो साडेबारा टक्के, शिवाय अधिभार आणि उपकर असा जातो, आणि मालकाने प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं नसेल तर पूर्ण किमतीवर कापावा लागतो. कमी कापला तर खातं घेणाऱ्याला धरतं. भावाच्या नावे केलेलं कुलमुखत्यारपत्र परदेशात रीतसर प्रमाणित झालेलं हवं आणि राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरलेलं हवं. "नेहमीसारखाच एक टक्का कापा" असं सांगणारा एजंट घेणाऱ्याला लाखोंच्या देण्यात अडकवून मोकळा होतो.

एका गोष्टीचा उल्लेख राहू नये. घर बघायला येणाऱ्याला फोनवर पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा खाण्याचा विचारला जातो, हा अनुभव मुंबईत मराठी, मुस्लिम, दलित कुटुंबांना, एकट्या राहणाऱ्या बायकांना येत आला आहे. मालकाची अट आहे म्हणून एजंट हात वर करतो. पण ती अट घेऊन दारोदार फिरणारा तोच असतो. घर शोधणाऱ्याला एजंटकडून हवा असलेला आदर इथूनच सुरू होतो.

या अपेक्षा जास्त आहेत असं एखाद्याला वाटेल. पण यांतल्या बऱ्याच अपेक्षा आपल्या कायद्यात दीडशे वर्षांपासून आहेत. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात एजंटवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याने पुरेसं कौशल्य आणि काळजी वापरावी, मागितल्यावर हिशेब द्यावा, अडचण आली तर काम सोपवणाऱ्याशी संपर्क साधून त्याच्या सूचना घ्याव्यात, असं तिथे लिहिलं आहे. वेगळं काही ठरलं नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय मोबदला देय होत नाही, आणि कामात गैरवर्तन केलं तर त्या भागाचा मोबदला मिळत नाही. कलम २१६ खालचं उदाहरण तर घराचंच आहे: एकाने एजंटला अमुक घर माझ्यासाठी घे असं सांगितलं, एजंटने ते मिळत नाही असं कळवून स्वतःच विकत घेतलं, तर काम सोपवणारा त्याला ते घर त्याच किमतीला आपल्याला द्यायला लावू शकतो. स्वस्तात घर हेरून आपल्याच माणसाच्या नावे घेणारे आणि मग चढ्या भावाने फिरवणारे आजही आहेत.

२०१६ च्या रेरा कायद्याने एजंटला नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रात महारेराने पुढे जाऊन प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. नियम मोडणाऱ्या एजंटला दिवसाला १० हजार रुपये, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो. पण ही नोंदणी रेरात नोंदवलेल्या प्रकल्पांतली घरं विकण्यासाठी लागते. गिरगावातला, सदाशिव पेठेतला किंवा नाशिकच्या कॉलेज रोडवरचा जुना फ्लॅट विकून देणाऱ्याला ती लागत नाही. सर्वाधिक गुंतागुंत जिथे आहे तिथेच कुणीही उठून एजंट होऊ शकतो. हे चित्र बदलायला हवं, आणि रीसेल करणाऱ्यांनाही तीच परीक्षा लागू व्हायला हवी.

कोणाचा एजंट, हा प्रश्न अमेरिकेतही पेटला. तिथे विकणाराच दोन्ही एजंटांचं मिळून पाच-सहा टक्के कमिशन देत असे आणि घेणाऱ्याला आपल्या एजंटला किती मिळतं याचा पत्ता नसे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसूरीतल्या ज्यूरीने विकणाऱ्यांच्या बाजूने सुमारे १८० कोटी डॉलरच्या भरपाईचा निकाल दिला. तिथल्या रिअल्टर्सच्या राष्ट्रीय संघटनेने मार्च २०२४ मध्ये ४१.८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली, आणि ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्यापूर्वी घेणाऱ्याशी लेखी करार करणं तिच्या सभासदांना बंधनकारक झालं. त्यात एजंटची फी आकड्यांत लिहावी लागते.

आपल्याकडे असं करायला कुणाची बंदी नाही आणि कुठल्या निकालाची वाट बघायचीही गरज नाही. एक पान पुरतं. एजंट विकणाऱ्याचा, घेणाऱ्याचा की दोघांचा. दोघांचा असेल तर दोन्हीकडून किती घेणार. ब्रोकरेज कोणत्या दिवशी द्यायचं, आणि तो दिवस करारनामा नोंदवण्याच्या आधीचा नसावा. नोंदणीनंतर ताब्यापर्यंत तो काय काय करणार. घर किती दिवस फक्त त्याच्याकडे राहणार. खाली दोघांच्या सह्या. विकत असाल तर घराची चावी देण्यापूर्वी आणि घेत असाल तर पहिलं घर बघायला जाण्यापूर्वी हे पान पुढे करा. जो सही करायला तयार नसेल, त्याच्याबरोबर व्यवहार करू नका.